नव्या गाण्यातली जुनी बोटे



लग्नाची वरात आपण सर्वांनीच पाहिली आहे. नवरदेव घोड्यावर, पुढे दिव्यांची रांग, आणि त्याच्याही पुढे बँड. क्लॅरिनेटवाल्याने आधी दोन-चार देवाधर्माची गाणी वाजवायची, मग एखादी लावणी. आणि पोरे अगदीच हट्टाला पेटली म्हणजे ठेवणीतली एक चाल बाहेर काढायची. ती चाल 'जिमी जिमी'ची. १९८२ सालच्या 'डिस्को डान्सर' या चित्रपटातले हे गाणे. संगीत बप्पी लाहिरींचे, आवाज पार्वती खान यांचा, पडद्यावर मिथुन. पुष्कळ गावांत आता बँड मागे पडला आणि डीजेच्या भिंती पुढे आल्या; पण ही चाल काही गेली नाही.

ही चाल आली कोठून? पॅरिसहून! तेथे १९८० साली 'ओटावान' नावाच्या गायक-जोडीचे 'ते ओके' हे नाचाचे गाणे गाजत होते. ते रचले होते डॅनियल वानगार्द आणि जाँ क्लुगेर या दोघांनी. दोन्ही गाणी आज मोबाइलवर सहज मिळतात. पाठोपाठ ऐका, कोणाचे रोप कोणाच्या वाफ्यात लागले ते कळायला गायनाचार्याची गरज नाही. आपल्याकडे मात्र वानगार्द हे नाव कोणाच्या कानावर आले नाही. चाल आली आणि तिचा बाप तिकडेच राहिला.

वानगार्द हे त्यांनी घेतलेले नाव. घराण्याचे आडनाव बांगाल्तेर. 'जिमी जिमी' आपल्याकडे वाजू लागले तेव्हा त्यांचा मुलगा तोमा सात-आठ वर्षांचा होता. आज मी ज्या गाण्याविषयी बोलणार आहे, ते या मुलाने आणि त्याच्या शाळेतल्या एका मित्राने मोठेपणी तयार केले. गाण्याचे नाव 'गेट लकी'. ते १९ एप्रिल २०१३ रोजी प्रसिद्ध झाले आणि त्या उन्हाळ्यात युरोप-अमेरिकेतले दुकान, मोटार, समुद्रकिनारा, काही त्यातून सुटले नाही.

तुम्ही म्हणाल, परदेशी नाचगाण्याशी आम्हा शेतकऱ्यांना आणि शिक्षकांना काय कर्तव्य? सांगतो. हे गाणे सन २०१३ चे असूनही कानाला १९७८ सालचे वाटते. ते तसे वाटण्यासाठी त्या मंडळींनी काय केले, आणि त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका मंडळींनी काय केले, यात मला आपल्या बँडवाल्याचाही संबंध दिसतो.

आधी हे डिस्को आणि फंक म्हणजे काय ते पाहू. डिस्को म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चकचकीत विजार आणि लुकलुकणारे दिवे येतात. मूळचा शब्द साधा आहे. फ्रेंच भाषेत 'डिस्कोथेक' म्हणजे तबकड्यांचा संग्रह. जसे पुस्तकांचे ग्रंथालय, तसे हे. पुढे जेथे वादकांऐवजी तबकड्या लावून नाच चालतो त्या जागेला ते नाव पडले. न्यूयॉर्कसारख्या शहरांत १९७० नंतर अशा जागा निघाल्या. तेथे येणारे कोण? काळे लोक, स्पॅनिश बोलणारे पोर्टो रिकोकडचे लोक, आणि समलिंगी तरुण. ज्यांना इतर ठिकाणी मोकळेपणी नाचायची सोय नव्हती ते सगळे.

या नाचाचा ठेका अगदी सोपा. चार मात्रांचे आवर्तन आणि प्रत्येक मात्रेवर पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा एक ठोका. धम्, धम्, धम्, धम्. कोठे चढ नाही, उतार नाही. मोट ओढणाऱ्या बैलाच्या चालीसारखा. पण नुसते एवढेच असते तर माणूस झोपी गेला असता. म्हणून दोन ठोक्यांच्या मध्ये एक गंमत असते. एका उभ्या दांडीवर दोन झांजा बसवलेल्या असतात आणि पायाच्या दाबाने त्या उघडतात-मिटतात. ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत त्या क्षणभर उघडल्या की 'त्स्स्' असा आवाज होतो. धम्-त्स्स्, धम्-त्स्स्. फिलाडेल्फिया शहरातल्या अर्ल यंग नावाच्या ढोलवादकाने १९७३ च्या सुमारास हा प्रकार रूढ केला आणि मग सगळ्या जगाने तो उचलला. आपल्या हिंदी चित्रपटांनीसुद्धा.

फंक हा डिस्कोचा थोरला भाऊ. त्याचा मुख्य पुरस्कर्ता जेम्स ब्राऊन. त्यांचा आपल्या वादकांवर एकच धाक असे : आवर्तनाची पहिली मात्रा चुकता कामा नये. मध्ये कोण काय वाजवील ते वाजवो, पण पहिलीवर सगळ्यांनी एकत्र यायचे. आपण याला समेवर येणे म्हणतो. तबलजी आणि गवई कितीही भांडले तरी समेवर दोघे एकत्र येतात आणि बैठकीतली माणसे मान हलवतात. तोच हा आनंद. फरक इतकाच की आपली सम सोळा मात्रांनी येते, त्यांची चार मात्रांनी. त्यामुळे मान हलवायला सवड मिळत नाही. सगळे अंगच हलते!

ब्राऊनच्या ताफ्यात क्लाइड स्टबलफील्ड नावाचे एक ढोलवादक होते. १९७० च्या एका गाण्यात त्यांनी काही क्षण एकट्याने वाजवले. पुढे ध्वनिमुद्रणाचे तुकडे कापून नव्या गाण्यांत चिकटवण्याची यंत्रे निघाली, तेव्हा तो तुकडा शेकडो गाण्यांत वापरला गेला. पण गाणे ब्राऊनच्या नावावर. स्टबलफील्ड २०१७ साली वारले, तोवर त्या सर्व गाण्यांनी त्यांच्या पदरात म्हणण्यासारखे काही टाकले नव्हते. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता आपल्या मुख्य माणसाकडे येऊ. त्याचे नाव नाइल रॉजर्स. न्यूयॉर्कचा काळा गिटारवादक. बर्नार्ड एडवर्ड्स हा त्याचा जोडीदार जाड तारांची, खालच्या स्वरांची गिटार वाजवी. तिला बेस गिटार म्हणतात. दोघांनी 'चिक' नावाचा ताफा काढला. रॉजर्स मूळचा जॅझ शिकलेला, बोटांत पुष्कळ विद्या असलेला. एडवर्ड्सने त्याला सांगितले, एवढे सूर नकोत, हात चालव. म्हणजे कसे? उजवा हात तारांवरून वर-खाली अखंड फिरत ठेवायचा, जात्याच्या खुंट्यासारखा, कधी न थांबता. डावा हात तारांवर नुसता टेकलेला. तारा दाबल्या नाहीत तर 'चक्' असा कोरडा आवाज निघतो. दाबल्या की सूर निघतो. चार मात्रांत सोळा आघात. त्यातले बोलू द्यायचे पाच-सहा, बाकीचे चकचक. 'गेट लकी'ची लय मिनिटाला ११६ मात्रांची आहे. गणिताच्या शिक्षकांनी हिशेब करावा : मिनिटाला ४६४ आघात, सेकंदाला जवळजवळ आठ! आणि हे चार-सहा मिनिटे, एकही आघात पुढे-मागे न होता. ज्यांनी तास-दोन तास भजनात चिपळ्या धरल्या आहेत त्यांनाच यातले मनगटाचे दुखणे कळेल.

या जोडीचे सर्वांत गाजलेले गाणे कसे जन्मले तेही ऐकण्यासारखे आहे. १९७७ सालची अखेरची रात्र. न्यूयॉर्कच्या 'स्टुडिओ ५४' या नामांकित नाचघरात ग्रेस जोन्स नावाच्या गायिकेने दोघांना बोलावले होते. दारवानाने आत सोडले नाही. आत यांच्याच तबकड्या वाजत असतील-नसतील; पण हे दोघे बाहेर थंडीत. दोघे घरी आले आणि रागाच्या भरात दारवानाला शिव्या घालत वाजवू लागले. त्या शिवीचा शब्द पुढे जरा सभ्य करून घेतला आणि त्यातून १९७८ सालचे 'ल फ्रीक' निघाले. लाखांनी खपले.

आणि मग १९७९ चा जुलै आला. शिकागो शहरात बेसबॉल या खेळाचे मोठे मैदान होते, कॉमिस्की पार्क. रेडिओवरच्या एका निवेदकाने, (होय, आमच्याच जातीचा माणूस!) डिस्कोविरुद्ध मोहीम काढली होती. १२ जुलैला असे जाहीर झाले की जो कोणी डिस्कोची एक तबकडी घेऊन येईल त्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश. सुमारे पन्नास हजार लोक लोटले. दोन सामन्यांच्या मध्ये तबकड्यांनी भरलेले खोके मैदानात ठेवून स्फोटाने उडवले. लोक कुंपण ओलांडून आत घुसले, जाळपोळ झाली, पोलीस आले, आणि मैदानाची अशी दशा झाली की दुसरा सामना खेळताच आला नाही. मैदानावर त्या दिवशी हजर असलेल्या काहींनी पुढे सांगितले की उडवायला आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्याही होत्या, फक्त गाणारे काळे होते. रॉजर्सला ते पाहून पुस्तकांच्या होळीची आठवण झाली. त्याच सुमारास चिकचे 'गुड टाइम्स' बाजारात होते; ऑगस्टमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पण ते शेवटचेच. नभोवाणी केंद्रांनी डिस्कोकडे पाठ फिरवली, आणि चिकला तो मान पुन्हा मिळाला नाही.

एखादी कला लोकांना आवडेनाशी झाली तर त्यात गैर काही नाही. फडावरचा नट म्हातारा होतो, लोक दुसरीकडे जातात. पण मैदानात खोके ठेवून सुरुंग लावावा लागतो, तेव्हा राग गाण्यावर नसतो, गाणाऱ्यावर असतो, असे मला वाटते.

जे उडवले ते गेले कोठे? गंमत अशी की ते त्याच शिकागोत राहिले. 'वेअरहाउस' नावाच्या नाचघरात फ्रँकी नकल्स नावाचा काळा तरुण तबकड्या लावत असे. डिस्कोच्या नव्या तबकड्या मिळेनाशा झाल्या तेव्हा त्याने आणि त्याच्यासारख्या पोरांनी जुन्याच तबकड्या जोडून, वर स्वस्त यंत्रांचा ठोका चढवून काम भागवले. त्यातून 'हाउस' नावाचे नवे संगीत निघाले. अमेरिकेने फारसे विचारले नाही. युरोपाने उचलून धरले. पॅरिसमध्ये ते ऐकणाऱ्यांत दोन मुले होती : आपला तोमा बांगाल्तेर, आणि १९८७ पासून कार्नो नावाच्या शाळेत त्याच्याबरोबर असलेला गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो. या दोघांनी पुढे 'डाफ्ट पंक' हे नाव घेतले.

शिक्षकबंधूंनो, या जोडीची पहिली तबकडी १९९७ साली निघाली, तिचे नाव 'होमवर्क'; म्हणजे आपला गृहपाठ! तिच्यात एक छोटे गाणे आहे, 'टीचर्स'. त्या गाण्यात चाल नाही, गोष्ट नाही. एकामागून एक नुसती नावे घेतली आहेत; ज्यांच्यापासून आपण शिकलो त्यांची नावे. त्यात शिकागोचे पुष्कळ आहेत. आपल्याकडे गवई आपल्या गुरूचे नाव घेताना कानाची पाळी धरतो. यांनी यंत्राच्या ठोक्यावर तेच केले.

पुढे या दोघांनी एक विचित्र व्रत घेतले. लोकांपुढे यायचे ते धातूचे चकाकते शिरस्त्राण घालून, यंत्रमानवासारखे. चेहरा दाखवायचा नाही, बोलायचे नाही. संगीतही सगळे यंत्रांवर. आणि अशा या दोन यंत्रमानवांनी ठरवले की आता माणसांकडून वाजवून घ्यायचे. जुन्या तबकडीचा तुकडा कापून चिकटवला असता तर एका दिवसात काम झाले असते. त्यांनी स्वतः आयुष्यभर तेच केले होते. तसे न करता ते मूळ बोटांच्या शोधात निघाले.

नाइल रॉजर्सला बोलावणे गेले. रॉजर्स तेव्हा साठीचा. मधल्या काळात त्याने स्वतः गाजण्याचे सोडून इतरांना गाजवले होते : डेव्हिड बोवी, मॅडोना, डायना रॉस, सगळ्यांच्या मोठ्या तबकड्यांमागे हा माणूस. जोडीदार एडवर्ड्स १९९६ च्या एप्रिलमध्ये टोकियोला कार्यक्रम करून परतल्यावर हॉटेलच्या खोलीतच वारला. आणि २०१० साली रॉजर्सला स्वतःला कर्करोग असल्याचे निघाले. त्यातून तो सावरत होता. न्यूयॉर्कच्या 'इलेक्ट्रिक लेडी' ध्वनिमुद्रणगृहात त्याने 'गेट लकी'ची गिटार वाजवली. तीच चकचक, तोच न थांबणारा उजवा हात. त्याने वाजवल्यावर बाकीचे वाद्यकाम तिच्याभोवती बसवले गेले. घराचा मधला खांब आधी रोवून मग भिंती चढवाव्यात तसे. ढोलावर ओमर हकीम. हा बोवीच्या १९८३ सालच्या तबकडीसाठी रॉजर्सबरोबरच वाजवलेला वादक. बेस गिटारवर नेथन ईस्ट. मुद्रण नव्या यंत्राबरोबर जुन्या रुंद फितीवरही केले, कारण फितीवरचा ठोका जरा गोल, उबदार ऐकू येतो. गाणारा फॅरल विल्यम्स. त्याचाही पुढे उल्लेख येणार आहे.

गाण्याची घडण साधी आहे. चार स्वरसमूह, त्यांना तिकडे कॉर्ड म्हणतात. ते एकामागून एक फिरत राहतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आपले गाणे षड्जावर येऊन विसावते. हे विसावतच नाही. चौथ्यावरून पुन्हा पहिल्याकडे, आणि पहिलाही घरचा वाटत नाही, चौथाही नाही. सगळे चारी पाहुणेच! म्हणून सहा मिनिटे ऐकूनही ते संपल्यासारखे वाटत नाही. मध्येच एके ठिकाणी यंत्रातून गाळलेला आवाज येतो आणि माणसाच्या आवाजाशी सवाल-जवाब करू लागतो. तेवढी खूण नव्या काळाची. बाकी सगळे जुने. शब्दांत मात्र फारसा राम नाही. रात्रभर जागावे, नशीब काढावे, इतकाच आशय. शाळेच्या संमेलनात बसवण्याजोगे ते नव्हे हे मी आधीच सांगून ठेवतो. नाहीतर उद्या मुख्याध्यापकांचे पत्र यायचे.

हे गाणे ज्या तबकडीत आहे तिच्यातच आणखी एक वस्तू आहे, ती मला 'गेट लकी'हूनही मोठी वाटते. जॉर्जो मोरोडर हे इटलीच्या डोंगराळ भागात जन्मलेले संगीतकार. १९७७ साली म्युनिकमध्ये डोना समर यांच्याकडून 'आय फील लव्ह' गाऊन घेऊन त्यांनी यंत्रांवरच्या नाचगाण्याचा पायाच घातला. या दोघांनी मोरोडरांना गायला किंवा वाजवायला सांगितलेच नाही. त्यांना ध्वनिक्षेपकापुढे बसवले आणि म्हणाले, तुमची हकीगत सांगा. ध्वनिक्षेपकही वेगवेगळ्या दशकांतले ठेवले. म्हाताऱ्याने आपले तरुणपण सांगितले आणि या दोघांनी त्या बोलण्याभोवती नऊ मिनिटांचे संगीत रचले. आपल्या आकाशवाणीवर वृद्ध शाहिरांच्या मुलाखती होतात. त्यांना कोणी अशी साथ केली तर काय बहार होईल, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

आता दुसऱ्या मंडळींकडे वळू. २०१३ च्या त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत 'गेट लकी' पहिल्या क्रमांकावर जाऊ शकले नाही, दुसऱ्यावरच अडले. वर बसले होते 'ब्लर्ड लाइन्स'. तेही जुन्या फंकच्या वळणाचे. गाणारा रॉबिन थिक, आणि संगीत कोणाचे म्हणाल, तर याच फॅरल विल्यम्सचे! एकच माणूस, एकच उन्हाळा, दोन्ही गाणी जुन्या घाटाची. पण 'ब्लर्ड लाइन्स' ऐकताच पुष्कळांना मार्विन गे यांचे १९७७ सालचे एक गाणे आठवले. थिक यांनी मुलाखतीत त्या गाण्याचे नावही घेतले होते. गे १९८४ सालीच वारले होते, बोलावणार कोणाला? पण वारस होते. ऑगस्ट २०१३ मध्ये प्रकरण कोर्टात गेले, आणि तेही असे की पहिला दावा नव्या मंडळींनीच लावला : आम्ही चोरी केलेली नाही असे कोर्टाने जाहीर करावे. गे यांच्या मुलांनी उलट दावा लावला. मार्च २०१५ मध्ये लॉस अँजेलिसच्या पंचांनी ७० लाख डॉलरांहून अधिक भरपाई ठरवली. न्यायाधीशांनी ती सुमारे ५३ लाखांवर आणली, आणि पुढच्या उत्पन्नातला अर्धा वाटाही वारसांना दिला. २०१८ साली वरच्या कोर्टाने निकाल कायम केला.

वाचायला हे न्यायाचे वाटते, पण खटल्यात एक मोठी अडचण होती. जुन्या कायद्याप्रमाणे गे यांचा हक्क कागदावर लिहून नोंदवलेल्या स्वरांपुरताच होता. म्हणून पंचांना मूळ मुद्रिका ऐकवलीच नाही. आणि उचलले होते ते काय? ठोक्याची ठेवण, मागे चाललेला समारंभातला गलका, बेसचे चालणे. म्हणजे जे कागदावर उतरतच नाही तेच. दोनशेहून अधिक संगीतकारांनी कोर्टाला लेखी कळवले की हा निकाल टिकला तर कोणी कोणाच्या वळणाने गायचेच नाही काय? वरच्या कोर्टातल्या तिघांपैकी एका न्यायाधीशांनीही हीच शंका विरुद्ध मत नोंदवून मांडली. मलाही ती खरी वाटते. उद्या ग्वाल्हेर किंवा किराणा घराण्याच्या गायकीवर कोणी मालकी सांगितली तर अर्धे गवई न्यायालयाच्या पायऱ्यांवर दिसतील. घराण्यावर मालकी नसते. पण म्हणून कोणाचे काही देणेच नसते असे थोडेच आहे? स्टबलफील्डचा तुकडा आठवा. कायदा त्यांच्या बाजूने नव्हता, देणे मात्र होते.

'गेट लकी'च्या बाबतीत हा प्रश्न उठलाच नाही. रचनाकार म्हणून चार नावे छापली गेली : दोघे यंत्रमानव, फॅरल विल्यम्स, आणि नाइल रॉजर्स. नुसता वादक म्हणून मजुरी देऊन त्याची बोळवण केली नाही. रॉजर्सलाही ही बाजू ठाऊक होती. १९७९ साली 'गुड टाइम्स'चा ठेका जसाच्या तसा घेऊन 'रॅपर्स डिलाइट' नावाची तबकडी निघाली, तेव्हा ती नाचघरात ऐकून तो चकित झाला होता. त्याला आणि एडवर्ड्सला वकिलाची धमकी देऊन आपली नावे त्यावर घालून घ्यावी लागली. या वेळी कोणाला काही सांगावे लागले नाही. २६ जानेवारी २०१४ च्या ग्रॅमी समारंभात 'गेट लकी'ला वर्षातल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचे पारितोषिक मिळाले. शिरस्त्राणे घातलेले दोघे मंचावर मुकाट उभे राहिले. बोलण्याचे काम दुसऱ्यांकडे. २०२१ साली या जोडीने आपले काम थांबवले.

आता आपल्या अंगणात या. बप्पी लाहिरींनी पॅरिसची चाल घेतली हे मी सुरुवातीला सांगितले. याची दुसरी बाजूही आहे. १९८१ च्या 'ज्योती' या चित्रपटात त्यांनी लता मंगेशकरांकडून 'थोडा रेशम लगता है' गाऊन घेतले होते. वीस वर्षांनी, २००२ साली, अमेरिकेत 'अ‍ॅडिक्टिव्ह' नावाचे गाणे गाजले. त्यात लताबाईंचा आवाज चक्क तसाच्या तसा वापरला होता, कोणाचे नाव न घेता! लाहिरी लॉस अँजेलिसच्या कोर्टात गेले. २००३ साली हुकूम झाला की त्यांचे नाव छापल्याशिवाय ती तबकडी विकू नये. पण खटला लांबत गेला आणि शेवटी असे निघाले की गाण्याचा हक्क संगीतकाराकडे नव्हताच. चित्रपटासाठी मोलाने केलेले काम म्हणून तो त्यांच्याकडून आधीच गेला होता. दावा टिकला नाही. म्हणजे वानगार्द यांचे नाव येथे आले नाही आणि लाहिरींचे तेथे राहिले नाही. फिट्टंफाट झाली असे कोणी म्हणेल; मला तसे म्हणवत नाही. लाहिरी २०२२ साली मुंबईत वारले.

या विषयावर बोलायचे ठरल्यावर मी एका बँडवाल्याला सहज विचारले. वय साठीच्या पुढे, ओठावर क्लॅरिनेटचा घट्टा पडलेला. म्हटले, मामा, 'जिमी जिमी' किती वर्षे वाजवताय? म्हणाले, "आलं तवापासनं." कोणाचे हो ते गाणे? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मास्तरला एवढेही ठाऊक नाही.

"मिथुनचं," ते म्हणाले, आणि पाते ओले करून पुढचे गाणे वाजवू लागले.